होमपेज बदलणाऱ्या जावईबापूंस

॥ श्री ॥

बालाघाट,
अधिक ज्येष्ठ, भर दुपार

पूज्य म्हणावं तर वयानं लहान आणि चिरंजीव म्हणावं तर मानानं मोठे असे आमचे जावईबापू श्री. हेमराजजी यांस, शालिकराम चुटे याचा नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही. जे लागू पडेल ते ठेवून घ्यावं.

इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. (खुशाल नाही, पण पत्र असंच सुरू करायचं असतं.) तुमच्या आईसाहेबांचे गुडघे आणि बाबासाहेबांची साखर कशी आहे ते कळवावं. तुमची तब्येत मी विचारत नाही, कारण ऊटीच्या गार हवेत बँकेच्या क्वार्टरमध्ये बसून कोणाची तब्येत बिघडते? पौर्णिमाची तब्येत तिच्याकडून कळते, पण त्या बाबतीत तिच्या बोलण्यावर माझा भरवसा नाही. काहून नाही, ते पुढे येईलच.

आधी विषय सांगून ठेवतो, म्हणजे बँकेतल्या सवयीनं पत्र नुसतं चाळता येणार नाही. विषय दोन आहेत. पहिला, धोंड्याच्या जेवणाला तुम्ही आमच्याकडे आले आणि जाता जाता आमच्या कॉम्प्युटरचं होमपेज बदलून गेले, त्याचा जाब. दुसरा, पौर्णिमाचं पहिलं बाळंतपण. ते रीतीप्रमाणे माहेरीच झालं पाहिजे आणि त्यासाठी तिला आता, सातव्यातच, इकडे आणली पाहिजे. हा विषय मी त्या दिवशी काढला होता. तुम्ही अनारसा तोडता तोडता "डॉक्टर प्रवासाला नाही म्हणते" एवढ्या एका वाक्यात तो उडवून लावला आणि दुसरा अनारसा घेतला. या दोन विषयांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. आहे.

खरं तर हे सगळं मी फोनवरच बोलणार होतो. पण तुमच्या सासूबाईंनी, म्हणजे विमलानं, फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला आहे आणि ती डब्याला टेकून बसली आहे. तिचं म्हणणं असं की, "तुमचा आवाज चढते. जावयाशी चढ्या आवाजात बोलाले आपण काय कोर्टात उभे आहो?" पत्राला आवाज नसतो, म्हणून पत्राची परवानगी मिळाली, तीही पाकीट बंद करण्याआधी ती वाचणार या अटीवर. त्यामुळे कुठे कुठे खोडलेलं दिसेल. खोडलं आहे ते माझं आणि राहिलं आहे ते तिचं, असं समजून वाचा. (कंसातलं मात्र ती वाचत नाही. कंसात कामाचं काही नसतं असं तिच्या शाळेतल्या गुरुजींनी तिला सांगितलं होतं. देव त्यांचं भलं करो.)

तर त्या दिवसाबद्दल. लग्नानंतरचा तुमचा हा पहिला अधिक महिना. पौर्णिमाला येता आलं नाही, पण तुम्ही नागपूरच्या ट्रेनिंगमधून एक दिवस काढून आले, त्याचं आम्हाला कौतुकच वाटलं. विमला आठवडाभर अनारशाच्या पिठाशी झगडत होती. तुमचे पाय धुतले, टिळा लावला, रीतीप्रमाणे तेहतीस अनारशांचं वाण दिलं, पुरणाचे धोंडे वाढले. जेवणात कुठे कमी पडलं असेल तर सांगावं. इतकं जेवल्यावर चांगल्या घरचा जावई झोपतो. (मी माझ्या सासऱ्यांकडे धोंड्याला गेलो होतो तेव्हा दुपारी आडवा झालो तो चहालाच उठलो, आणि त्यांच्या घरातली एकही वस्तू मी जागची हलवली नाही. ते मरेपर्यंत माझं नाव काढत होते.) तुम्हाला झोप येईना. तुम्ही घरभर फिरले. पंख्याचं बटण फिरवून पाहिलं, मोरीतल्या नळाची गळती पाहिली आणि शेवटी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. चालू केला. पाहिलं. मान हलवली. आणि म्हणाले, "पप्पाजी, तुमचं होमपेज सही नाही हाय. मी सेट करून देऊ का?"

आता जावईबापू, तुम्ही शिकलेसवरलेले आहात. तुम्हीच सांगा, धोंड्याच्या दिवशी जावयानं काही विचारलं तर सासऱ्याला नाही म्हणता येतं का? त्या दिवशी तुम्ही साक्षात विष्णू. तुम्ही म्हटलं असतं, पप्पाजी, समोरची भिंत पाडून देऊ का, तरी मी हौ म्हटलं असतं आणि विमलानं कुदळीला हळदकुंकू लावून ती तुमच्या हातात दिली असती. मी हौ म्हणालो. तुम्ही दोन-तीनदा टिकटिक केलं, "झालं" म्हणाले, हात धुतले आणि गोंदियाची गाडी पकडायला निघून गेले. मला वाटलं, काही धूळबिळ झटकली असेल. (एखाद्या म्हाताऱ्याच्या घरात शिरून त्याच्या देवघरातला देव बदलायचा आणि वर त्यानंच हौ म्हटलं म्हणायचं, याला बँकेत काय म्हणतात? आमच्याकडे जे म्हणतात ते मी लिहिलं होतं, पण माझं मलाच खोडावंसं वाटलं, इतकं ते वाईट होतं.)

त्या पानावर काय होतं, ते तुम्ही पाहिलं होतं. ऊटीची हवा होती. दिवाळीला पौर्णिमा आली होती तेव्हा तिनं ते लावून दिलं. म्हणाली, "बाबा, आता हे चालू केलं का सगळ्यात पयले माह्या गावची हवा दिसंल." एक मोठं चित्र, ढग किंवा सूर्य, आणि त्याच्याखाली मोठा आकडा. त्यापलीकडे मी काही वाचत नव्हतो. वर डाव्या कोपऱ्यात गावाचं नाव येतं म्हणे, पण ते मला कधी दिसलं नाही, कारण तिथं कुंकू होतं. दसऱ्याला अवजारांची पूजा करताना विमलानं कॉम्प्युटरलाही पाटावर बसवलं होतं. स्वस्तिक काढताना ती चौकट सोडून काचेवर गेली. पूजेचं कुंकू कोणी मुद्दाम पुसत नाही, ते जाईल तेव्हा जाईल. (तुम्हीही पुसलं नाही. तुमच्यावरचे संस्कार चांगले आहेत, एवढं मला कबूल आहे.) आणि नाव वाचायची गरज तरी काय होती? लेकीचं गाव कोणतं, हे बाप रोज वाचून पाहतो का?

या हवेचं महत्त्व तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. बाप आणि लेक फोनवर काय बोलतात? मी विचारायचो, "जेवली काय?" ती म्हणायची, "हौ." मी विचारायचो, "बरी हायेस ना?" ती म्हणायची, "हौ. आईले द्या." झालं. लग्न होऊन गेल्यापासून आमचं सगळं बोलणं एवढंच. हवा हातात आली आणि मला बोलायला विषय मिळाला. सकाळी चहा घेऊन बसायचं, पान उघडायचं, फोन लावायचा. "आज तुह्या इथं धुकं हाय ना?" ती विचारायची, "तुमाले कसं समजलं, बाबा?" मला कसं समजलं हे तिला चांगलं ठाऊक होतं, तिनंच तर लावून दिलं होतं. तरी रोज विचारायची आणि रोज मी म्हणायचो, "मले सगळं समजते." मग धुक्यावरून भाजीवर, भाजीवरून तुमच्यावर (तुमच्याबद्दल चांगलंच बोलायचो, तेव्हा), असं बोलणं पाच-दहा मिनिटं चालायचं आणि विमलाला फोनसाठी ताटकळत बसावं लागायचं. घरात माझा तेवढाच मान वाढला होता.

तुम्ही गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पान उघडलं, तर आकडा तेहतीस. आदल्या दिवशी सकाळी तोच पंधरा होता. दुपारी पुन्हा पाहिलं, चव्वेचाळीस. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तुम्ही म्हणाल, बालाघाटातही तेवढंच होतं, मग शंका कशी आली नाही? आली होती. मी विमलाला म्हणालो, "पाह्य, इकडे जेवढं तेवढंच तिकडे. औंदा नवतपा साऱ्या देशाले लागला." रोहिणीचे ते नऊ दिवस आमच्याकडे कसे भाजून काढतात, ते तुम्ही गोंदियाचे, तुम्हाला सांगायला नको. जग तापत चाललं आहे असं टीव्हीवर रोज सांगतात. ऊटी काय जगाच्या बाहेर आहे?

लगेच फोन लावला. "बाई, लय तपून राह्यलं ना तिथं?"

"नाही बाबा. इथं तं थंडी हाय. मी स्वेटर घालून बसली आहो."

इथे मला माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगावं लागेल. भरवेलीच्या खाणीत मी आयुष्यभर वाइंडर होतो, म्हणजे माणसांचा पिंजरा जमिनीखाली सोडणारं आणि वर ओढणारं जे इंजन असतं, ते चालवणारा. पिंजरा मला दिसत नसे. खाली माणसं हसतात की ओरडतात, ते ऐकू येत नसे. माझ्यासमोर एक मोठी तबकडी आणि तिच्यावर काटा. काटा सांगेल तिथं पिंजरा आहे. माणसं वर येऊन काही का म्हणेनात, काट्यावर विश्वास ठेवायचा, हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं आणि त्या विश्वासावर मी एकाही माणसाचं नख दुखू न देता रिटायर झालो. आता मला सांगा, आकडा म्हणतो चव्वेचाळीस आणि पोरगी म्हणते स्वेटर. मी कोणाचं ऐकायचं? त्यात ही पोरगी. पाचवीत असताना पायात खिळा घुसला तर आईला काम पडेल म्हणून दोन दिवस हसत हसत शाळेत गेली, पाय सुजला तेव्हा कळलं. अशी पोरगी "मी मजेत आहो" म्हणाली की मी आधी तिच्या पायाकडे पाहतो. आणि हे स्वेटरचं तर कोणीतरी पढवल्यासारखंच वाटलं. (कोणी, ते लिहीत नाही. त्या दिवसांत मी तुमच्याबद्दल जे जे बोललो ते शेजारच्या दुलीचंदभाऊंना पाठ झालं आहे.)

हे दुलीचंदभाऊ माझे चुलतभाऊ आणि आमची भिंतीला भिंत. त्यांना सगळ्यातलं कळतं. ते म्हणाले, "अरे, दोन जीवांच्या बाईले उन्हाळ्यात थंडी वाजते म्हणजे लू अंगात शिरली." झालं. विमलानं पदर डोळ्याला लावला. मी रोज फोन करून पोरीला कांदा जवळ ठेव, पन्हं पी, दुपारी दारं लावून घे, असं बजावू लागलो. ती आधी हसली आणि मग एके दिवशी हळूच म्हणाली, "बाबा, तुमी बरे हाय ना? डॉक्टरले दाखवता काय?" म्हणजे जिच्या काळजीनं मी अर्धा झालो होतो, ती माझ्याच डोक्याची काळजी करून राह्यली होती! ही वेळ आमच्यावर कोणी आणली, जावईबापू?

शेवटी मी आमचा कूलर पाठवला. नवीन नाही, आमचाच, समोरच्या खोलीतला. बाजारात नवे होते, पण चमकत्या प्लॅस्टिकचा भरवसा कोण देणार? हा जाड टिनाचा, गावातल्या मिस्त्रीनं डोळ्यांसमोर ठोकून दिलेला. पौर्णिमानं दहावीचा, बारावीचा सगळा अभ्यास त्याच्यासमोर केला. वही उडू नये म्हणून वहीवर पाय ठेवून लिहायची आणि विद्येला पाय लावते म्हणून आईची बोलणी खायची. त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकीत जुन्या साड्यांमध्ये गुंडाळून पन्ह्याच्या बाटल्या ठेवल्या, सुतळीनं आवळला आणि हातगाडीवरून ट्रान्सपोर्टवाल्याकडे नेला. तो पत्ता वाचून माझ्याकडे पाहत राहिला. "काका, ऊटीले कूलर?" मी त्याला असं झापलं की विचारू नका. म्हणालो, "तुले तिथली हवा मालूम नाही. मले मालूम हाय." त्यानं पावती फाडली.

त्यानंतर उरलेला नवतपा आम्ही दोघांनी विनाकूलर काढला. फरशीवर पाणी टाकायचं, ओला गमछा अंगावर घ्यायचा, तो वाळला की पुन्हा ओला करायचा. विमला म्हणायची, "आता बाईले गार वाटत असंल." दुलीचंदभाऊंच्या घरातून त्यांच्या कूलरचा आवाज येई आणि आम्ही तो ऐकत पडून राहू.

मग एके दिवशी चार वाजता पानावरचं चित्र बदललं. सूर्य गेला, धुळीचा लोट आला, वारा जोराचा. मी फोन उचलला. "पौर्णिमा, आंधी येऊन राह्यली! पयले खिडक्या लाव!" ती म्हणते, "बाबा, बाहेर पान हालून नाही राह्यलं." मी म्हणालो, "पान काय पाहतेस, मी इथून पाहून राह्यलो ना!" एवढ्यात आमच्याच खिडक्या धडाधडा आपटल्या. गच्चीवर विमलाच्या कुरोड्या वाळत होत्या, त्या चादरीसकट उठल्या आणि दुलीचंदभाऊंच्या अंगणात जाऊन पडल्या. त्यांच्या छपराचा एक टिनाचा पत्रा आमच्या अंगणात आला. (याला देवाणघेवाण म्हणतात. कुरोड्या त्यांनी अजून परत केल्या नाहीत.) आणि मी मात्र फोन कानाला लावून ओरडतोच आहे, "पाह्य, इकडेही आली! म्हटलं होतं ना, साऱ्या देशाले लागली!"

आंधी थांबली. विमला खाली आली, केसांत धूळ, डोळ्यांत धूळ. घरभर धूळ. तिनं ओला कपडा घेतला आणि पुसायला सुरुवात केली. टेबल पुसलं, खुर्ची पुसली, कॉम्प्युटरची काच पुसली. धुळीबरोबर दसऱ्याचं कुंकूही गेलं. आणि त्याच्याखालून, चांगल्या जाड हिंदी अक्षरांत, नाव निघालं. बालाघाट.

ती ते वाचत राहिली. मग म्हणाली, "अवो, हे तं आपल्याच घरची आंधी होय."

जावईबापू, माणसाला राग यायलाही थोडा वेळ लागतो. आधी मला काही समजेचना. मग समजलं तेव्हा सगळं एकदम समजलं. पोरीचं स्वेटर खरं होतं. दोन आठवडे मी माझ्या खिडकीबाहेरचं ऊन ऊटीला कळवत होतो. आणि आमचा कूलर रस्त्यात होता. सायकल काढून ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, माल नागपूर सोडून केव्हाच पुढे गेला, आता थांबत नाही. काय झालं, असं त्यानं विचारलं नाही. नुसता माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, पाणी पेता?"

संध्याकाळी पौर्णिमाचा फोन आला. मी झालेलं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हे म्हणत होते, बाबांच्या हातून चुकून ऊटी लागलं होतं, मी सुधारून आलो." ऊटी तिनं लावलं होतं, हे तिनं तुम्हाला सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं, ते मी तिला विचारलं नाही. मीही सांगितलं नसतं.

आणि मग कूलर तुमच्याकडे पोचला. पौर्णिमा सांगत होती की धुक्यात चार माणसांनी तो उतरवला आणि अख्खी कॉलनी पाहायला जमा झाली, तिथल्या काही पोरांनी तर अशी वस्तू जन्मात पाहिली नव्हती. आणि तुमचा फोन आला. मी तयारीतच होतो. तुम्ही हसाल, चिडाल, काहीतरी बोलाल, म्हणजे मलाही बोलता येईल. तुम्ही काय म्हणाले? "पप्पाजी, कूलर मिळाला. बहुत बढिया हाय." बस! एवढा सभ्यपणा कुठून आणता? दोन शिव्या दिल्या असत्या तर जेवण गेलं असतं.

आता मुख्य गोष्ट लिहितो. इथलं काही मी विमलाला खोडू देणार नाही. होमपेज बदललं, कूलर गेला, गावात माझं हसं झालं. दुलीचंदभाऊ रोज भिंतीवरून विचारतात, "काय शालिकराम, आज ऊटीत पाणी येते काय?" हे सगळं मी गिळलं असतं. पण तुम्ही त्या ऊटीत राहता! सासऱ्याच्या घरी, हजार मैलांवर, कॉम्प्युटर उघडला आणि आत सेटिंगमध्ये तुमच्याच गावचं नाव दिसलं, आणि तुम्हाला वाटलं काय, तर म्हाताऱ्याच्या हातून चुकून लागलं असेल. चुकून कसं लागेल? चुकून दिल्ली लागते, चुकून मुंबई लागते. देशात एवढी गावं सोडून नेमकं माझी पोरगी दिली तेच गाव चुकून लागतं? "पप्पाजी, हे ऊटी काहून?" एवढंच विचारायचं होतं. मी सांगितलं असतं. तुमच्या समोर लाजलो असतो, पण सांगितलं असतं. तुम्ही वाईट माणूस नाही, हे मला माहीत आहे. नळ गळताना पाहून तुम्ही वायसर शोधला, तेव्हाच मला ते समजलं होतं. तुम्हाला जिथं बिघाड दिसतो तिथं हात घालता. पण जे बिघडलेलं नाही तेही तुम्हाला बिघडलेलं दिसतं, त्याला काय करायचं?

म्हणून दुसरा विषय. जो माणूस हे पाहू शकला नाही, त्याच्या एका वाक्यावर मी माझी पोरगी तिकडे ठेवणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमच्या-माझ्या आजीच्या आजीपासूनची आहे, तिला कोणत्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. या पत्राला तार समजून पौर्णिमाला आठवड्याच्या आत इकडे पोचतं करावं. नाही तर मी स्वतः येतो आणि घेऊन जातो. मानपान, जावईपण, धोंडे, सगळं त्यानंतर पाहू.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार. आपला मानी पण आज तापलेला,

शालिकराम चुटे

ता. क. – विमलानं पत्र वाचलं. ती कंसातलंही वाचते, हे मला लग्नाला एवढी वर्षं होऊन आज कळलं. रागावली वगैरे नाही. पाकीट हातात घेऊन एवढंच म्हणाली, "बोलावता ते खरं. पण बाईले झोपवाल कुठं?" आणि समोरच्या खोलीत जिथं कूलर होता तिथं पाहून गेली.

ता. क. दुसरा – तुमचं ते पान मला काढता येत नाही, त्यामुळे रोज सकाळी तेच उघडतं. बालाघाटचा आकडा मी जन्मात कधी पाहिला नव्हता. स्वतःच्या अंगणातलं ऊन कोणी कागदावर पाहतो का? आता रोज पाहावा लागतो. नवतपा संपला तरी आज दुपारी पुन्हा चव्वेचाळीस आहे. दोन दिवसांची रेल्वे, मधे नागपूरचा फलाट, पोटात सात महिन्यांचं पोर, आणि पोचल्यावर ही खोली. मी आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवला, आता एकट्या या काट्यावर ठेवायचा नाही, असं कसं चालेल? डॉक्टर बरोबर म्हणतो. तुम्हीही बरोबर म्हणत होते, पण अनारसा खाता खाता म्हणायला नको होतं. दुसरा विषय खोडला असं समजा. प्रत्यक्ष खोडत नाही, कारण पान घाण दिसतं.

ता. क. तिसरा – विमलाचं म्हणणं, "पोरगी माहेरी नाही येऊ शकत तं माहेर तिथं नेऊ." तिनं डिंक, मेथी आणि अळीव बांधायला घेतले आहेत. आम्ही दोघंही येत आहोत आणि बाळाचे कान टोचेपर्यंत राहणार आहोत. सासरे जावयाच्या घरी इतके दिवस राहत नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही आमच्याकडे एकच दिवस राहून जे केलं, त्याच्या मानानं हे काहीच नाही. कूलर परत पाठवू नका. वाळा ओला केला की पौर्णिमाला घराचा वास येतो, असं ती म्हणत होती.

ता. क. शेवटचा, आणि खरं काम हेच – आम्ही तिकडे असलो की इथलं घर बंद राहील. आंधी आली, पाणी आलं, दुलीचंदभाऊंचे पत्रे उडाले, तर मला कळलं पाहिजे. तेव्हा तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचं होमपेज आजच बालाघाटचं करून ठेवा. करून देऊ का, असं विचारू नका, माझं आधीच हौ आहे. आणि उद्या कोणी पाहुणा येऊन म्हणाला की, हे चुकीचं गाव लागलं आहे, नीट करून देऊ का, तर त्याला नाही म्हणा. तुम्ही अजून कोणाचे सासरे झालेले नाहीत. तुम्हाला नाही म्हणता येतं.